चौदाव्या दिवसाची चादर

मला डाग वाचता येतो. उगाच बढाई मारत नाही. बावीस वर्षं लाँड्री चालवतेय. एका लॉजच्या, दोन हॉटेलांच्या आणि एका दवाखान्याच्या चादरी माझ्या हाताखालून जातात. डाग चहाचा की औषधाचा, रक्ताचा असेल तर ताजा की शिळा, हे मी चादर उलगडायच्या आधी सांगते. नवरा म्हणतो, हिच्यासमोर खिशातून रुमाल काढायची सोय नाही. असं सगळं असून डागानंच माझा घात केला, आणि तो कसा केला ते मी आता सरळ सांगणार आहे, कारण जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा मी तोंडाला कुलूप लावून बसले होते.

माझी नणंद दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे परत आली. हातात एक बॅग, आणि चेहऱ्यावर 'काही विचारू नका'. मी विचारलंच. मी काय गप्प बसणारी आहे? पण ती "जाऊ दे गं वहिनी" म्हणाली आणि आत जाऊन इस्त्रीच्या मशीनवर उभी राहिली, ती आजतागायत तिथंच. लहानपणापासून बोलत नाही म्हणून सगळे तिला घुमी म्हणतात. आली तेव्हा तर ती पार मुकी झाली होती. दिवसाकाठी दहा शब्द, त्यातले चार 'हो'.

मग एके दिवशी ती रस्त्यावरून कुत्र्याचं पिल्लू उचलून घेऊन आली. कोणाच्या तरी गाडीखाली आलेलं. मागचे पाय लोळागोळा झालेले, अंगभर तेल आणि चिखल. मी म्हटलं, "अगं, ही काय चिंधी उचलून आणलीस? ही संध्याकाळपर्यंत तरी राहते का बघ." पिल्लू राहिलं आणि नावही तेच राहिलं. तीन महिने घुमीनं तिला हातावर वाढवलं. दूध पाजणं, कूस बदलणं, शी-शू, सगळं. आणि तिच्याशी बोलायला लागली. आधी तिच्याशी, मग हळूहळू आमच्याशी. एकदा मशीनवर गुणगुणताना ऐकली तर मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं आणि काही बोललो नाही, नजर लागायची म्हणून.

चिंधी उभी राहिली, चालली, पळायलाही लागली, थोडी तिरकी. पण प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवला आणि म्हणाल्या, "कमरेचं हाड वाकडं जुळलंय. तिचं ती जगेल मजेत. पण हिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. वाट अरुंद झालीय. पिल्लू अडकलं तर आई हातची जाईल. पिशवी काढून टाकू." त्यांनी तारीखही दिली. त्याच आठवड्यात हॉटेलात मोठा कार्यक्रम होता, सहाशे चादरी आणि वर टेबलांची कापडं. मीच म्हटलं, "एवढी काय घाई आहे? पुढच्या महिन्यात करू." घुमी 'बरं' म्हणाली.

त्यानंतर नऊच दिवसांनी चिंधी माजावर आली.

घुमी धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली. आता लगेच ऑपरेशन नको, त्या म्हणाल्या, या दिवसांत रक्तस्राव जास्त होतो, हे संपलं की दोन महिन्यांनी या. आणि त्यांनी एक छापील कागद दिला. घुमीनं तो मशीनशेजारी भिंतीला चिकटवला आणि मला वाचून दाखवला, जशी काही मी अडाणी. पहिल्या दिवसापासून मोजून चार आठवडे एकटीला बाहेर सोडू नका. अंगणातही नाही. न्यायचं तर पट्टा बांधून, लवकर आणा. रक्त कमी झालं म्हणजे संपलं असं समजू नका. मी ऐकत होते, पण हात कामात होते, आणि कान, खरं सांगायचं तर, हातांच्या मागे गेले होते.

मी माझी पद्धत लावली. कोपऱ्यात चिंधीचं अंथरूण, त्यावर रोज सकाळी एक पांढरी चादर, जुनी, विरलेली, पण स्वच्छ. घुमीनं तिला माझ्याकडून शिवून घेतलेली चड्डी घातली होती, शेपटीला भोक ठेवून. पहिल्या दिवशी तिनं ती घालून घरभर अशी काही मान खाली घालून फेरी मारली की नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. रात्री चड्डी काढायची, सकाळी चादर बघायची. पाचव्या दिवशी डाग गडद लाल, तळहाताएवढा. आठव्या दिवशी थोडा लहान. अकराव्या दिवशी फिका, गुलाबी. बाराव्या दिवशी वाळलेल्या गवताच्या रंगाचा, पाणचट. दवाखान्याच्या चादरींवर जखम भरत आली की असाच डाग येतो. चौदाव्या दिवशी चादर कोरी. मी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली.

"संपलं," मी म्हटलं. "कागद काढ भिंतीवरचा."

"वहिनी, चार आठवडे लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं सगळ्यांसाठी लिहिलंय. मी हिची चादर बघितलीय."

"राहू दे ना गं. अजून दोनच आठवडे." एवढं बोलून ती भावाबरोबर टेंपोत बसून लॉजच्या चादरी आणायला गेली. जाताना दारातून वळून म्हणाली, "सोडू नकोस हं तिला."

"नाही सोडत, बाई!"

मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. चिंधी सारखी कुंईकुंई करत होती. मागच्या दाराशी जायची, परत यायची, माझ्या पायात घोटाळायची. माझ्या दोन्ही हातांवर ओले टॉवेल. एकदा तिच्यावर पाय पडता पडता मी तोल सावरला आणि वैतागले. दोन आठवडे ते जनावर कोंडलेलं, ती चड्डी, ते रडणं, आणि चादर तर कोरी. मी चड्डी काढली, मागचं दार उघडलं आणि म्हटलं, "जा, मर जा अंगणात." अशी मी बोलते. ते शब्द मला अजून ऐकू येतात.

अंगणाला चारी बाजूंनी भिंत आहे, दोऱ्या बांधून आम्ही तिथंच वाळत घालतो. मागच्या फाटकाखाली वीतभर फट आहे हे मला माहीत होतं. आठवडाभर बाहेर कुत्री बसून होती, हेही माहीत होतं. फाटकासमोर रस्त्यापलीकडे दुकान असलेला घड्याळवाला रोज शिव्या घालत त्यांना खडे मारायचा. पण माझ्या डोक्यात एकच होतं, की आता कशाला येतील? संपलंय.

दहा मिनिटांनी टॉवेलांची दुसरी बादली घेऊन बाहेर आले तर चादरींच्या मागे दोघं अडकलेली. चिंधी आणि बाहेरचा एक पिवळा कुत्रा, कानाचा तुकडा उडालेला. पाठीला पाठ लावून उभी होती. चिंधीनं माझ्याकडे बघितलं. मी बादली टाकून ओरडत गेले, हात उचलला, आणि तेवढ्यात कागदावरचं एक वाक्य कुठून तरी आठवलं. ओढू नका, इजा होते. मग मी काय केलं? खाली बसले. ओल्या फरशीवर, चिंधीचं डोकं मांडीवर घेऊन. तिचे मागचे पाय थरथरत होते. आतलं घड्याळ दिसत होतं. अठरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी त्या पिवळ्याला ज्या शिव्या दिल्या त्या त्याला लागू नव्हत्या. मला होत्या.

तो गेल्यावर मी चिंधीला आत नेलं आणि आंघोळ घातली. गरम पाणी, साबण, पुन्हा पाणी. मऊ टॉवेलनं कोरडी केली. हे कशानं धुतलं जाणार होतं? मला कळत होतं, तरी हात थांबत नव्हते.

घुमी आली. "आंघोळ घातलीस?"

"मातीत लोळली," मी म्हटलं.

"मातीत? कुठल्या मातीत?"

"त्या कुंडीत तोंड घातलं मेलीनं." आणि मी चादरी मोजायला लागले.

ती इस्त्रीला उभी राहिल्यावर मी पाणी प्यायच्या निमित्तानं भिंतीजवळ गेले आणि कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. रक्त थांबत येतं, रंग फिका होतो, तेच दिवस गर्भधारणेचे, असं अगदी ठळक अक्षरात होतं. म्हणजे मी जी चादर बघून निर्धास्त झाले, तीच धोक्याची. आणि सगळ्यात खाली, चुकून संबंध आला तर ताबडतोब कळवा, लवकर कळलं तर उपाय सोपा असतो. मी ती ओळ तीनदा वाचली. घुमी हातभर अंतरावर होती. नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

उद्या सांगू, मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी चिंधीला भरवताना हसत होती, म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि मी फोन ठेवला. मग मनाला समजावायला लागले. एकदाच तर झालं. प्रत्येक वेळी थोडंच राहतं? हाड वाकडं आहे, कदाचित राहणारच नाही. मी जन्मात कधी देवाला काही मागितलं नव्हतं, कारण मागायला वेळच नव्हता. त्या आठवड्यात कपडे पिळता पिळता मागत होते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अवघड होतं? घुमी काही ओरडणारी नव्हती. तिनं आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तेच तर. ओरडणाऱ्या माणसापुढे मी उभी राहू शकते, दोन देते, दोन घेते. तिच्यापुढे कशी उभी राहणार होते? आणि खरं सांगू? त्याहून वाईट एक गोष्ट होती. "चादर बघून सांगते" म्हणणाऱ्या मला चादर वाचता आली नाही, हे तोंडानं कबूल करायचं होतं. ते जमत नव्हतं. एका जिवापुढे माझी ऐट मोठी झाली होती.

चौथ्या आठवड्यात चिंधीनं खाणं सोडलं. दोन-तीन दिवस तोंड लावेना. घुमी घाबरली, तर मीच म्हटलं, "हवेनं होतं." मग ती परत खायला लागली, आणि अशी की वाटी चाटून पुसून. अंग भरायला लागलं.

"वहिनी, बघ ना, बाळसं धरलंय हिनं," घुमी म्हणाली. "तुझ्या हातचं मानवलं तिला."

"हो," मी म्हटलं.

रोज म्हणायची. रोज मी 'हो' म्हणायचे. एकदा तिनं चिंधीला माझ्यासमोर उचलून धरलं, बघ केवढी जड झालीय म्हणून, आणि मला तिच्या पोटावरची गुलाबी, टरारलेली बोंडं दिसली. जेवण मला जाईना. नवरा म्हणाला, "तुझं काय चाललंय? आजारी आहेस का?" त्याला म्हटलं, पित्त झालंय. एक खोटं सांभाळायला किती माणसांशी खोटं बोलावं लागतं, याचा हिशेब कोणी लावावा.

शुक्रवारी घुमी म्हणाली, "ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवू. आणि वजन इतकं कसं वाढलं तेही विचारते. चल ना तूही, तुझंही ऐकतात त्या." मी गेले. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि कुठंतरी वाटलं, आता बाईच ओळखतील, मला बोलावं लागणार नाही. इतकी मी खाली आले होते.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीला टेबलावर घेतलं, पोटाखाली दोन्ही हात घातले आणि हसणं थांबवलं. पुन्हा दाबून बघितलं. मशीन लावलं. पडद्यावर राखाडी गोल दिसायला लागले, आणि त्यात काहीतरी फडफडत होतं.

"संबंध कधी आला हिचा?"

"नाही आला," घुमी म्हणाली. "शक्यच नाही. आम्ही क्षणभर सोडली नाही. मी नसले की वहिनी असायची. वहिनीनं तर डोळ्यांत तेल घालून..."

"मला नक्की दिवस हवाय," बाई म्हणाल्या. "अंदाज नको. पिल्लं केवढी आहेत त्यावर ठरेल, आत्ता करता येईल की नाही. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी फरक पडतो."

घुमी अजून माझी बाजू मांडत होती. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. वहिनी किती काटेकोर आहे, वहिनीनं चड्डी कशी शिवली, वहिनी रोज चादर कशी तपासायची. मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं.

"चौदाव्या दिवशी," मी म्हटलं. "मंगळवारी. सकाळी अकराच्या सुमाराला. मी अंगणात सोडली होती."

 घुमीनं चिंधीच्या पाठीवरचा हात काढला नाही, फक्त बोटं थांबली. ती मोजत होती. ओठ हलत होते.

"अडतीस दिवस," ती म्हणाली.

बाईंनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. म्हणाल्या, पहिल्या दिवसांत आला असतात तर साधं होतं. आता पिशवी मोठी झालीय, रक्तवाहिन्या फुगल्यात, जोखीम आहे. पण थांबलो तर त्याहून वाईट. उद्या सकाळी नऊ वाजता.

बाहेरच्या बाकावर आम्ही दुसऱ्या दिवशी शेजारी बसलो. दोन तास. मी तीन-चार वेळा म्हटलं, माझं चुकलं. रडलेही, मला रडता येतं हे मलाच नवीन होतं. घुमी समोरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी बोलली, नेहमीच्याच हळू आवाजात.

"चादरीनं फसवलं, ते कळतं मला. मीही फसले असते. दार उघडलंस, तेही कळतं. ती रडायला लागली की माझाही जीव कासावीस होतो." मग म्हणाली, "मी रोज तुला म्हणत होते, बाळसं धरलंय. आणि तू हो म्हणत होतीस."

मी उठून ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.  

चिंधी वाचली. पाच पिल्लं होती. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाल्या, रक्त बरंच गेलं, एकदा हातातून निसटतेय असं वाटलं, पण चिवट आहे तुमची पोर. पुढचे दहा दिवस नजर हलवायची नाही. टाके चाटले, उडी मारली, तर सगळं पाण्यात. घुमीनं मान हलवली आणि चिंधीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. टेंपोत ती पुढे भावाजवळ बसली. मी मागे, रिकाम्या टोपल्यांबरोबर.

तीन दिवस ती इस्त्रीवर आली नाही. चिंधीच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून मोठा प्लास्टिकचा भोंगा बांधलेला, आणि ही खोलीत तिच्याशेजारी जमिनीवर बसून. मी ताट दारात ठेवायचे. ती घ्यायची, 'बरं' म्हणायची. चौथ्या दिवशी हॉटेलच्या चादरी तुंबल्या. मशीनवर तिच्याइतका झरझर हात कोणाचा चालत नाही, नवरा गाडी घेऊन गेलेला, आणि हॉटेलवाल्याचा तिसरा फोन येऊन गेलेला. मी तिच्या दारात जाऊन म्हटलं, "तू तासभर मशीनवर जा. मी बसते हिच्याजवळ. हलणार नाही, तुझी शपथ." ती चिंधीचा टॉवेल नीट करत राहिली. मी अंगणात गेले, हातातलं सगळं खाली ठेवलं, हात धुऊन पदराला पुसले आणि वाट बघत उभी राहिले.

ती बाहेर आली. चिंधी तिच्या हातावर. मला बघून चिंधीची शेपटी हलली, टॉवेलाच्या आत, तिला काय माहीत. मी दोन्ही हात पुढे केले. घुमी माझ्या अंगावरून गेली, फाटक उघडून रस्ता ओलांडला आणि समोरच्या घड्याळवाल्यापाशी थांबली. त्याच्याशी ती दोन वर्षांत दोन वाक्यं बोलली नसेल.

"दादा, तासभर हिच्याकडे बघाल का? टाके आहेत, चाटू द्यायचे नाहीत."

घड्याळवाल्यानं डोळ्याची काच वर केली. त्यानं चिंधीकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे.

"अहो, पण वहिनी आहेत की तुमच्या."

"नाही," घुमी म्हणाली. "घरात कोणी नाही."